गिरणीतून न्हाणीघरात

१९१६ सालच्या जर्मनीत साबण रेशनवर मिळत होता. ब्रिटिश आरमाराच्या नाकेबंदीमुळे खोबरेल, पामतेल, व्हेलचं तेल अशी बाहेरून येणारी आवक जवळजवळ थांबली होती. देशात जी चरबी उरली होती ती आधी माणसांच्या पोटाला हवी होती आणि मग दारूगोळ्याला, कारण चरबीतून निघणाऱ्या ग्लिसरीनपासून नायट्रोग्लिसरीन बनतं. तेल आणि चरबीच्या वाटपासाठी सरकारने युद्धसमिती नेमली. तिच्या आद्याक्षरांवरून ‘के. ए. साबण’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वड्या लोकांच्या हाती आल्या. त्यांत चरबी थोडी आणि चिकणमातीचा भरणा फार. माणसं तशाच वड्यांनी अंग आणि कपडे धूत राहिली. कापडगिरण्यांचं मात्र त्यावर भागेना. लोकर धुवायला, सूत भिजवायला, रंग आतपर्यंत पोचवायला साबण लागतो, आणि तो मातीचा चालत नाही.

आज शांपूच्या बाटलीमागे जी लांबलचक रासायनिक नावं छापलेली असतात, त्यांतल्या बऱ्याच नावांचा वंश या टंचाईपर्यंत मागे नेता येतो. ती मूळची केसांसाठी शोधलेलीच नव्हती. ती कापडासाठी होती. केसांवर आणि त्वचेवर ती नंतर आली, आणि त्वचा म्हणजे कापड नव्हे हे उमगायला रसायनशास्त्राला आणखी कितीतरी वर्षं लागली.

साबणाची मूळ अडचण तशी युद्धाच्याही आधीची. ज्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, तिथे साबणाला फेस येत नाही, हा अनुभव महाराष्ट्राच्या पठारावर घरोघरी आहे. अशा पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणातल्या स्निग्धाम्लांशी जोडले जातात आणि पाण्यात न विरघळणारा करडा, चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला तो दिसतो. केसांवर दिसत नाही, पण केस निस्तेज आणि जाड लागतात. म्हणून युरोपातल्या बायका साबणाने न्हाल्यावर व्हिनेगरचं किंवा लिंबाचं पाणी केसांवरून घ्यायच्या. आपल्याकडच्या रिठ्याला आणि शिकेकाईला ही अडचण नव्हती. त्यांतली सॅपोनिनं जड पाण्यातही असा साका धरत नाहीत. त्यामुळे रिठ्याच्या पाण्यात केस धुतले जात, त्याच पाण्यात शाली आणि रेशमी वस्त्रं, आणि सोनाराकडे दागिनेही. यात मोठी समज होती. केस आणि लोकर दोन्ही केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले, आणि रेशीमही प्रथिनाचंच. जे लोकरीला आणि रेशमाला सोसतं ते केसांनाही सोसतं. युरोपातले रसायनशास्त्रज्ञ याच ठिकाणी पोचले, पण गिरणीच्या वाटेने.

लुडविग्सहाफेन इथल्या बीएएसएफ कंपनीत फ्रिट्झ ग्युंथर यांनी १९१७ च्या सुमारास कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या नॅफ्थलीनपासून एक पदार्थ बनवला. पुढे तो ‘नेकाल’ या नावाने विकला गेला. त्याच्यात चरबी नावालाही नव्हती. पाण्यात टाकला की सूत झटकन भिजायचं, फेस भरपूर यायचा, पण मळ मात्र नीट निघायचा नाही. साबणाची जागा घ्यायला तो अपुरा पडला. तरीही एक गोष्ट त्याने सिद्ध केली: चरबीशिवाय फेस काढता येतो. पाणी आणि तेल यांच्या सीमेवर जाऊन बसणारे असे पृष्ठसक्रिय पदार्थ, म्हणजे सरफॅक्टंट, प्रयोगशाळेत ठरवून घडवता येतात.

त्यानंतरचा धागा अनपेक्षित जागेतून येतो: कत्तलखान्यातून. गुरांच्या पित्ताने डाग निघतात हे युरोपातल्या धोबिणींना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं. पित्त घातलेला साबण जर्मनीत आजही दुकानात मिळतो. साबण मिळेनासा झाल्यावर काही गिरण्यांनी कापड भिजवण्यासाठी पित्त वापरून पाहिलं. ते चाललं, पण पित्त मिळणार किती? तेव्हा बीएएसएफ जिच्यात विलीन झाली होती त्या आय. जी. फार्बेन कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी पित्ताचं काम करणारा रेणूच घडवायचं ठरवलं. आपलं शरीर आतड्यात उतरलेलं तुपातेलाचं अन्न पाण्यात मिसळण्यासाठी पित्तक्षार वापरतं. त्यांतल्या एका प्रकारात टॉरिन नावाचा छोटा, गंधकयुक्त घटक एका मोठ्या आम्लाला जोडलेला असतो. जर्मनांनी टॉरिनच्याच जवळच्या नात्यातला घटक घेतला आणि त्याला तेलातलं ओलेइक आम्ल जोडलं. हा झाला ‘इगेपॉन टी’. त्याचाच भाऊ ‘इगेपॉन ए’, त्यात टॉरिनच्या जागी आयसेथायोनिक आम्ल. दोघेही १९३० च्या सुमारास गिरण्यांत पोचले. दोघांचं डोकं सल्फोनेटचं असल्यामुळे जड पाण्यातल्या कॅल्शियमने ते फाटत नव्हते. ही दोन नावं वाचकाने लक्षात ठेवावीत, ती पुन्हा येणार आहेत.

त्याच काळात सॅक्सनीतल्या केम्निट्झ या कापडनगरीत एच. टी. ब्योमे नावाची कंपनी गिरण्यांना रसायनं पुरवत होती. तिथे हाइनरिश बेर्टश यांनी वेगळा मार्ग धरला. साबणाचा दुबळा भाग म्हणजे त्याचं आम्लाचं टोक, तेच काढून टाकलं तर? तेलातल्या स्निग्धाम्लाचं आधी अल्कोहोल करायचं आणि त्याला सल्फेटचं टोक जोडायचं. स्निग्ध अल्कोहोल सुरुवातीला स्पर्म व्हेलच्या तेलातून मिळे. पुढे डॉइच हायड्रियरवेर्के कंपनीने प्रचंड दाबाखाली हायड्रोजन सोडून ते थेट तेलापासून काढायचं तंत्र बसवलं आणि खोबरेल तेलाचा रस्ता मोकळा झाला. खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्यापासून बनलेला पदार्थ म्हणजे लॉरिल सल्फेट. १९३२ मध्ये ब्योमेने ‘फेवा’ ही धुण्याची पावडर काढली, ती लोकर आणि रेशमासारख्या नाजूक कपड्यांसाठी होती.

१९३१ च्या एप्रिलमध्ये सिनसिनाटीच्या प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीतले रॉबर्ट डंकन युरोपात काही नवं सापडतं का ते पाहायला निघाले. लुडविग्सहाफेनला त्यांनी इगेपॉनची आणि पित्ताची हकिकत ऐकली. असाच एक पदार्थ डॉइच हायड्रियरवेर्केही बनवते असं कळल्यावर ते तिकडे गेले आणि त्यांनी शंभर किलो माल बोटीने अमेरिकेला धाडला. जर्मनांच्या लेखी हा माल गिरण्यांचा होता. डंकन यांच्या डोळ्यांसमोर मात्र अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातली जड पाण्याची घरं होती. कंपनीने परवाना मिळवला. साबणाचा धंदा बुडवणारं काही येणारच असेल तर ते आपल्याच कंपनीने आणावं, अशा अर्थाचे उद्गार कंपनीप्रमुख विल्यम कूपर प्रॉक्टर यांनी काढल्याचं कंपनीच्या इतिहासात सांगितलं जातं. १९३३ मध्ये ‘ड्रेफ्ट’ ही धुण्याची पावडर आली. मळकट सुती कपड्यांपुढे ती हरली. लोकरीचे कपडे आणि काचेची भांडी मात्र लख्ख निघाली. लोकर निघते तर केस का निघू नयेत? १९३४ मध्ये त्याच रसायनाचा ‘ड्रीन’ शांपू बाजारात आला.

तो एकटा नव्हता. बर्लिनचे हान्स श्वार्झकॉफ १९०३ पासून पुडीतली शांपूची पावडर विकत होते, ती साबणाचीच होती; १९३३ मध्ये त्यांच्या कंपनीने ‘ओनाल्काली’ हा अल्कलीविरहित शांपू आणला. फ्रान्समध्ये लॉरेआलचे संस्थापक यूजीन श्युलर यांनी १९३४ मध्ये ‘डॉप’ हा साबणविरहित शांपू काढला. दोन वर्षांत तीन देशांतल्या न्हाणीघरांत गिरणीचं रसायन शिरलं.

पहिला अनुभव थोडा निराशेचा होता. ड्रीनने साका धरत नव्हता, केस चमकत होते, पण ते कोरडे पडून भुरभुर उडायचे. कारण सरळ होतं. गिरणीत लोकरीतलं मेण पूर्ण काढायचं असतं, मग तिला रंग द्यायचा असतो. डोक्यावरच्या केसांतलं तेल पूर्ण काढून टाकायचं नसतं; टाळूतून झिरपणारं तेच तेल केसाला राखतं. त्यामुळे चाळिशीच्या दशकात ड्रीनच्या बाटलीत केस मऊ करणारे घटक घालावे लागले. किती काढायचं आणि किती ठेवायचं, हा प्रश्न तेव्हापासून या धंद्याच्या मानगुटीवर बसलेला आहे.

त्याचं उत्तर ज्या कल्पनेतून मिळालं, ती मांडणाऱ्या माणसाचं पुण्याशी नातं आहे, आणि ते फारसं कुणाला माहीत नाही याची खंत वाटते. जेम्स विल्यम मॅकबेन हे मूळचे कॅनडाचे. ब्रिस्टल विद्यापीठात ते साबणाच्या द्रावणांतून वीज किती वाहते ते मोजत होते. आकडे जुळेनात. विजेचं वहन पाहिलं तर द्रावणात भरपूर आयन असायला हवेत. बाष्पदाब पाहिला तर कण फारच कमी. मॅकबेन यांनी अर्थ लावला की साबणाचे आयन पाण्यात सुटे राहत नाहीत, एका मर्यादेपुढे ते आपण होऊन घोळके करतात. १९१३ मध्ये त्यांनी या घोळक्यांना मायसेल म्हटलं. लंडनच्या सभेत हा विचार मांडला तेव्हा अध्यक्षांनी ‘मूर्खपणा आहे हा, मॅकबेन’ म्हणून तो उडवून लावला, अशी आठवण रसायनशास्त्रज्ञ अजून सांगतात. पुढे १९३६ मध्ये जी. एस. हार्टली यांनी त्या घोळक्याचं चित्र स्पष्ट केलं: तेलप्रिय शेपट्या आत, पाणीप्रिय डोकी बाहेर, आणि आतल्या पोकळीत तेल आणि मळ.

१९१९ मध्ये ब्रिस्टलला साबणसम्राट लॉर्ड लीव्हरह्यूम यांच्या देणगीतून अध्यासन निर्माण झालं, त्यावर मॅकबेन बसले. नंतर ते स्टॅनफर्डला गेले. आणि वयाची पासष्टी उलटल्यावर हा माणूस पुण्याला आला. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं उद्घाटन झालं. तिचे पहिले संचालक म्हणजे हेच मॅकबेन. १९५२ पर्यंत त्यांनी ती उभी केली, पुढच्या वर्षी ते वारले. आज पुण्यातल्या कोणत्याही मॉलमध्ये चेहरा पुसायचं ‘मायसेलर वॉटर’ मिळतं, त्या नावातला मायसेल मॅकबेन यांचाच आहे.

सौम्यपणाचं कोडं मायसेलमुळे सुटू लागलं. रेणूंचा घोळका आकाराने मोठा असतो, तो त्वचेत सहज शिरत नाही. झोंबतात ते प्रामुख्याने सुटे रेणू आणि लहान घोळके. त्यांतही बारा कार्बनची शेपटी असलेलं लॉरिल सल्फेट सगळ्यांत तिखट. ते त्वचेच्या वरच्या थरातल्या प्रथिनांना चिकटतं, थर फुगतो, पाणी धरून ठेवायची त्याची ताकद कमी होते.

दुसरी बाजू त्वचेच्या डॉक्टरांनी उघडली. १९२८ मध्ये हाइनरिश शाडे आणि आल्फ्रेड मार्कियोनिनी यांनी निरोगी त्वचेवर सौम्य आम्लाचं आवरण असतं असं मांडलं. साबण मात्र अल्कधर्मी, पीएच साधारण नऊ-दहा. साबण न वापरता वडी बनवायची तर घट्ट राहणारं, हळूहळू विरघळणारं सरफॅक्टंट हवं. ते आयसेथायोनेटच्या कुळात सापडलं, म्हणजे गिरणीतल्या इगेपॉन ए च्या घरात. फक्त ओलेइक आम्लाच्या जागी खोबरेलातली आम्लं आली. १९५७ मध्ये लीव्हर ब्रदर्सने अमेरिकेत ‘डव्ह’ आणला, तो याच सोडियम कोकॉइल आयसेथायोनेटवर उभा होता. गुरांच्या पित्ताची नक्कल करता करता घडलेलं रसायनांचं कुळ चेहऱ्यावर आलं, तेही सौम्य म्हणून.

डोळ्यांची कथा कठोर आहे. भुवया-पापण्यांना लावायच्या ‘लॅश ल्युअर’ या रंगाने १९३० च्या दशकात अमेरिकेत स्त्रियांचे डोळे गेले. अशा प्रकरणांच्या संतापातून १९३८ चा कायदा आला आणि सौंदर्यप्रसाधनं सरकारी देखरेखीखाली आली. १९४४ मध्ये सरकारी शास्त्रज्ञ जॉन ड्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाचणी ठरवून दिली: पांढऱ्या सशाच्या एका डोळ्यात पदार्थ टाकायचा, दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा, आणि लाली, सूज, पारपटलावरचा धूसरपणा यांना दिवसागणिक गुण द्यायचे. अनेक दशकं शांपू याच परीक्षेतून पार झाले. पन्नाशीच्या दशकात आलेला जॉन्सन्सचा बेबी शांपू झोंबत नव्हता, कारण त्यात एकाच रेणूवर धन आणि ऋण असे दोन्ही भार असणारी उभयधर्मी सरफॅक्टंट होती. ती मिसळली की मोठे, स्थिर घोळके बनतात आणि सुट्या रेणूंची संख्या घटते. त्या सौम्यपणाची किंमत मोजणाऱ्या सशांसाठी कुणीतरी उभं राहणं आवश्यकच होतं. १९८० मध्ये प्राणिहक्क कार्यकर्ते हेन्री स्पायरा यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात देऊन रेव्हलॉन कंपनीला जाब विचारला. त्याच वर्षी कंपनीने पर्यायी चाचण्यांच्या संशोधनासाठी साडेसात लाख डॉलर दिले. भारताने २०१४ मध्ये प्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांवर बंदी घातली.

माणसांवरची मोजणी १९७९ मध्ये झाली. त्वचातज्ज्ञ पेटर फ्रॉश आणि आल्बर्ट क्लिगमन यांनी साबणाचं द्रावण छोट्या कपांत भरून ते हातावर दिवसामागून दिवस बांधलं आणि त्वचा किती लाल होते, किती सोलते ते नोंदवलं. बाजारातल्या नामांकित साबणांत फार मोठा फरक निघाला आणि डव्ह सर्वांत सौम्य ठरला. क्लिगमन यांचं नाव घेताना एक गोष्ट लपवणं गैर ठरेल: फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर त्यांनी अनेक वर्षं प्रयोग केले होते, आणि आधुनिक त्वचाशास्त्रावरचा तो डाग पुसलेला नाही.

दरम्यान नद्यांवर फेस आला. १९५० च्या दशकात धुण्याच्या पावडरींत पेट्रोलियमपासून बनलेलं, फांद्या फुटलेल्या शेपटीचं सरफॅक्टंट भरलं जात होतं. जिवाणूंना ते पचेना. युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर आणि सांडपाण्याच्या टाक्यांवर फेसाचे डोंगर उभे राहिले. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला, आणि १९६५ पर्यंत अमेरिकी उद्योगही सरळ शेपटीच्या, कुजणाऱ्या रेणूंकडे वळला. आळंदीला इंद्रायणीवर गेल्या काही वर्षांत वारंवार तरंगणारा फेस पाहिला की हा धडा आपण अर्धाच शिकलो असं म्हणावं लागतं. रेणू कुजणारा असला तरी सांडपाणी प्रक्रिया न करता नदीत सोडलं तर त्याला कुजायला अवधी मिळत नाही.

भारतात शांपू बराच काळ शहरी चैनीचा होता. सनसिल्क १९६४ मध्ये आला, पण खेडोपाडी रिठा, शिकेकाई आणि अंगाचाच साबण चालू राहिला. चित्र पालटलं ते तमिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांच्या शांपूच्या पुडीने. त्यांचे पुत्र सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये १५,००० रुपयांच्या भांडवलावर ‘चिक’ शांपू सुरू केला, आणि रुपया-आठ आण्यांची पुडी किराणा दुकानाच्या दारात माळेसारखी लटकू लागली. या पुड्यांना लागणारं रसायनही हळूहळू इथेच बनू लागलं. १९८० मध्ये सुरू झालेल्या गॅलेक्सी सरफॅक्टंट्सचे तारापूर आणि तळोजा इथले कारखाने आज जगभरच्या कंपन्यांना हा कच्चा माल पुरवतात.

बाटलीतही बदल होत गेले. लॉरिल सल्फेटच्या रेणूत इथिलिन ऑक्साइडचे दुवे घालून लॉरेथ सल्फेट बनलं, ते मवाळ. त्याच्या जोडीला कोकामिडोप्रोपिल बीटेन, म्हणजे आणखी मवाळ. पण मवाळ म्हणजे निर्दोष नव्हे. बीटेन बनवताना मागे राहणाऱ्या अशुद्ध घटकांमुळे काहींना ॲलर्जी होते. २००४ मध्ये अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांच्या संस्थेने त्याला ‘वर्षातला ॲलर्जीकारक’ ठरवलं. लॉरेथमध्ये कर्करोगकारक असल्याचा संशय असलेल्या डायॉक्झेनचा अंश राहू शकतो, म्हणून न्यूयॉर्क राज्याने २०२३ अखेरपासून अंग-केस धुण्याच्या उत्पादनांत त्याची मर्यादा दहा लाखांत एक भाग इतकी खाली आणली. ही चिंता रास्त आहे. उलट लॉरिल सल्फेटने कर्करोग होतो ही ई-मेलवरून पसरलेली अफवा निराधार होती. ते त्वचेला झोंबतं एवढं मात्र खरं. इतकं खात्रीने झोंबतं की त्वचारोगाच्या प्रयोगशाळांत मुद्दाम जळजळ घडवायला आजही तेच वापरतात.

आता ‘सल्फेट फ्री’ची लाट आहे. अशा महागड्या बाटल्यांमागे बहुधा आयसेथायोनेट, टॉरेट किंवा ग्लुकोसाइड छापलेलं असतं. पहिली दोन कुळं १९३० च्या इगेपॉनची. ग्लुकोसाइड रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९३ मध्येच बनवलं होतं आणि हेंकेल कंपनीने १९९२ मध्ये सिनसिनाटीत त्याचा मोठा कारखाना काढला. चांगले पदार्थ आहेत, पण नवलाईच्या नावाखाली जास्त पैसे मागितले तर देऊ नयेत.

आपल्याकडच्या नियमानुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. तेव्हा बाटली उलटी करून पाण्यानंतरची पहिली तीन-चार नावं जरूर वाचा. त्वचा कोरडी असेल, घरात तान्हं मूल किंवा इसबाचा रुग्ण असेल, आणि सोडियम लॉरिल सल्फेट एकटंच वर असेल तर ती बाटली ठेवून द्या. सोबत बीटेन, ग्लुकोसाइड किंवा आयसेथायोनेट असेल तर चालेल. फेस किती येतो यावरून स्वच्छता मोजू नका, कमी घ्या, आणि भरपूर पाण्याने धुऊन टाका.